ज्येष्ठांची बिले खिडकीवरच भरायची असतील तर

नाशिकमधील अनेक घरांत सत्तरी ओलांडलेले आई-वडील, मामा-मामी किंवा एकट्या राहणाऱ्या आत्या आजही लाइट बिल आणि घरपट्टी रोखीने किंवा चेकने भरतात. मुलांनी मोबाइलवरून भरून टाकण्याची तयारी दाखवली तरी त्यांना शिक्का मारलेली पावती हातात हवी असते आणि पासबुकात नोंद दिसावी असे वाटते. या पद्धतीत दोष काही नाही, फक्त तिला वेळ आणि पायपीट लागते. म्हणून मदत करणाऱ्याने पायपीट स्वतःकडे घ्यावी, पण किती भरायचे, कशातून भरायचे आणि सही कोणाची, हे ज्यांचे बिल आहे त्यांच्याकडेच ठेवावे. कामे उरकण्याच्या भरात त्यांचे चेकबुक आपल्या कपाटात नेऊन ठेवणे ही मदत नव्हे.

प्रथम त्यांच्यासोबत बसून घरात कोणकोणती देणी येतात ते एका वहीत लिहून काढावे. दुधाचा रतीब आणि वर्तमानपत्र यांचा हिशेब बहुधा त्यांना आपल्यापेक्षा चोख ठाऊक असतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खाडे लिहिलेले असतात आणि त्यात आपण ढवळाढवळ करण्याचे कारण नाही. लक्ष घालावे लागते ते वीज, महापालिका आणि सोसायटीच्या देण्यांकडे.

महावितरणच्या बिलावर एकाऐवजी तीन रकमा दिसतात आणि ज्येष्ठांचा गोंधळ तिथेच होतो. पहिली रक्कम ठरावीक तारखेच्या आत भरल्यास मिळणारी सवलत वजा करून आलेली असते, दुसरी अंतिम मुदतीपर्यंतची आणि तिसरी मुदतीनंतर सव्वा टक्का विलंब आकार धरून. वहीत पहिली तारीख लाल शाईने लिहावी आणि तीच खरी मुदत मानावी. बिल हाती आल्यावर चालू रीडिंग मीटरवरील आकड्याशी ताडून पाहावे, कारण घर बंद असल्याने रीडिंग घेता आले नाही तर सरासरीने बिल येते आणि पुढच्या महिन्यात आकडा एकदम फुगलेला दिसतो. याशिवाय सुरक्षा ठेवीचे बिल वेगळे येते. ते पाहून ‘या महिन्यात दोनदा बिल कसे आले?’ असे कोणी विचारले, तर ती ठेव असून तिच्यावर व्याज मिळते, हे शांतपणे समजावून सांगावे.

रोखीने भरायचे असल्यास एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते. ऑगस्ट २०२३ पासून घरगुती ग्राहकाला महावितरणचे बिल महिन्याला ५,००० रुपयांपर्यंतच रोखीने भरता येते. एप्रिल-मे महिन्यांत ज्या घरात एसी चालतो तिथे ही मर्यादा सहज ओलांडली जाते. अशा वेळी चेक हाच खिडकीवरचा पर्याय उरतो.

चेक लिहिताना घाई करू नये. बिलावर ज्या नावाने चेक काढण्यास सांगितले आहे, ते नाव अक्षरशः तसेच लिहावे. डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा ओढून त्यांच्यामध्ये ‘अकाउंट पेयी’ लिहावे, अक्षरी रकमेच्या शेवटी ‘फक्त’ लिहून उरलेल्या जागेवर रेघ मारावी, आणि मागील बाजूस १२ अंकी ग्राहक क्रमांक व फोन नंबर लिहावा. खाडाखोड झालेला चेक बँक परत पाठवते, म्हणून चूक झाल्यास तो रद्द करून नवा लिहावा. चेक तारखेपासून तीन महिनेच चालतो. तो वटायलाही वेळ लागतो, त्यामुळे मुदतीच्या आदल्या दिवशी खिडकीवर देणे पुरेसे नाही, निदान चार-पाच दिवस हाताशी ठेवावेत. न वटलेल्या चेकपोटी महावितरण ७५० रुपये आणि त्यावर जीएसटी आकारते, आणि बँकेचा दंड वेगळा.

चेक परत येण्याचे कारण खात्यातील शिल्लक असते तसेच थरथरणाऱ्या हाताची बदललेली सहीसुद्धा असते. बँकेकडील नमुना सही वीस वर्षांपूर्वीची असेल, तर एकदा त्यांना शाखेत घेऊन जाऊन नवी नमुना सही नोंदवून घ्यावी. दुसरा व चौथा शनिवार बँक बंद असते, हे जाण्याआधी पाहावे. कोऱ्या चेकवर सही करून ठेवण्याची सवय अनेकांना असते, ती मात्र आग्रहाने मोडावी, चेक नेणारे आपण स्वतः असलो तरीही.

घरपट्टी महापालिकेच्या विभागीय कार्यालयात भरता येते. पूर्व, पश्चिम, पंचवटी, सातपूर, सिडको आणि नाशिकरोड असे विभाग असल्याने शरणपूर रोडवरील राजीव गांधी भवनापर्यंत जाण्याची गरज सहसा पडत नाही. आर्थिक वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत भरल्यास सवलत मिळते आणि जितके लवकर तितकी ती अधिक असते. त्या वर्षीचा दर खिडकीवर विचारून घ्यावा. उलट थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती लागते. पंचवटीकडे जाणाऱ्यांनी शक्यतो बुधवार टाळावा, कारण गंगाघाटावरच्या बाजारामुळे रिक्षासुद्धा मुंगीच्या चालीने सरकते. सोबत मागील पावती आणि सुटे पैसे न्यावेत.

गॅस सिलिंडरसाठी पावतीवर छापलेली रक्कमच द्यावी. सिलिंडर वजन करून मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो.

‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा’ असा मेसेज ज्येष्ठांना हमखास घाबरवतो. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी किमान १५ दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते, ही गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवावी. त्याखाली महावितरणचा १९१२ आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हे क्रमांक लिहावेत. भरलेल्या बिलाची पावती समोर असली की भीती निम्मी होते.

पावत्या महिन्यांच्या क्रमाने एका फाइलमध्ये लावाव्यात. गुळगुळीत कागदावर छापलेल्या पावत्यांची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून त्यांची झेरॉक्स काढून सोबत जोडावी. वीजबिलाच्या पावत्या दोन-तीन वर्षे पुरतात, कारण सतत थकबाकी म्हणून दाखवली नसेल तर दोन वर्षांपूर्वीची रक्कम त्याच कायद्यानुसार वसूल करता येत नाही. घरपट्टीच्या पावत्या मात्र कधीही टाकू नयेत. बिल अजूनही दिवंगत आजोबांच्या नावाने येत असेल, तर मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रे आणि याच फाइलमधील शेवटची पावती घेऊन नाव बदलण्याचा अर्ज सवडीने देऊन टाकावा.