पाण्याकाठचं जुनं लाकडी घर वाचवायला निघालात? या चुका टाळा

दृश्य ठरलेलं असतं. सुट्टीच्या सकाळी वीस-पंचवीस उत्साही माणसं जमतात आणि पहिल्या तासाभरात कुणीतरी रंगाचा डबा उघडतं. छप्पर गळतंय, पन्हळ फुटलीय, भिंतीला टेकून मातीचा ढीग साचलाय, आणि ब्रश फिरतोय. रंगाचा फोटो छान येतो, मान्य. पण लाकूड कुजतं ते ओलीमुळे. त्यातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली ठेवला की कुजवणाऱ्या बुरशीचं फारसं चालत नाही. म्हणून माझा क्रम: आधी छप्पर, मग पन्हळ, मग जोत्याभोवतीची माती काढून बाहेरच्या बाजूला उतार. रंग शेवटी, जमल्यास पुढच्या वर्षी.

आता सिमेंट. एका घराच्या ओंडक्यांमधल्या फटी आणि तळाची तुळई आम्ही सिमेंटने लिंपून टाकली. ‘आम्ही’ म्हणतोय, कारण नको-नको म्हणत दोन घमेली मीही वाहिली. काम दोन दिवसांत उरकलं, सगळे खूश. तिसऱ्या वर्षी कोपऱ्यातली फरशी दबायला लागली म्हणून सिमेंटचा पापुद्रा फोडला, तर स्क्रू-ड्रायव्हर तुळईत मुठीपर्यंत गेला. आत लाकूड नव्हतंच, ओला भुसा होता. ओंडका ऋतूप्रमाणे फुगतो, आकसतो. सिमेंट जागचं हलत नाही. दोघांमध्ये केसाएवढी फट पडते, पाणी आत जातं आणि बाहेर पडायला वाट उरत नाही. इतकी वर्षं उघड्यावर टिकलेली तुळई आमच्या ‘मजबुतीने’ संपली.

तेव्हापासून मी फक्त चुना वापरतो. भरणी लाकडापेक्षा कमजोरच हवी. फाटायचं तर तिने फाटावं. पातळ थर द्यायचे, वर गोणपाट टांगून ते ओलं ठेवायचं आणि काही दिवस भरणीला हात लावायचा नाही. हे ‘काही दिवस’ ऐकून अर्धे लोक गळतात. गळू देत.

दुसरा माझा जुना राग म्हणजे ‘खराब दिसतंय, काढून टाका’. काळवंडलेली फळी कुजलेली असेलच असं नाही. मी टोच्या घेऊन दर वीतभर अंतरावर टोचत जातो. टोकच गेलं असेल तर तेवढंच कापतो आणि त्याच जातीचा तुकडा रेषा जुळवून सांधतो. नव्या तुकड्याच्या आतल्या बाजूला पटाशीने दुरुस्तीचं वर्ष कोरतो, म्हणजे पुढच्या माणसाची फसगत होत नाही. जे नाहीसं झालंय ते मनाने रचू नका. जुन्या वास्तूंच्या जतनाची तत्त्वं सांगणाऱ्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेतही हेच आहे: अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबतो.

पाण्यातले खांब हाताला येतात तिथे, वरच्या वर तपासू नका. कायम बुडालेल्या भागाला हवा मिळत नाही, तो सहसा कुजत नाही. जिथे ओलं-सुकं आलटून पालटून होतं तो पट्टा आधी जातो. खाऱ्या पाण्यात मात्र लाकूड पोखरणारे जीव असतात. खांब बाहेरून धडधाकट, आतून चाळणी. ओहोटीला उतरा आणि ठोकून आवाज ऐका.

कललेलं घर एका दुपारी सरळ करण्याचा हट्ट तर नकोच. जॅकने दिवसाला दोन-तीन मिलिमीटर, बस. कुरकुर चालेल, ‘कड’ आवाज आला की थांबायचं.

प्रेशर वॉशर: नको. खारी हवा असेल तर साधे लोखंडी खिळे नकोत, ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील घ्या. जुन्या रंगात शिसं असू शकतं. कोरडा घासू नका, मुलांना लांब ठेवा. फळी काढण्याआधी फोटो आणि नंबर. काठाची जमीन कुणाच्या नावावर आहे ते हातोडा उचलण्याआधी विचारा, नंतर नाही.

आणि उद्घाटन. फीत कोण कापणार यावर तासभर चर्चा होते, पन्हळीतला पाला कोण काढणार यावर मिनिटभरही नाही. माझी शिडी असेल तर मी आधी वही पुढे करतो. वर्षभराच्या पाल्यासाठी दोन नावं लिहून झाली, की मगच फीत बांधायला शिडी देतो.