झिजलेल्या रोमन नाण्यावरचा सम्राट कसा ओळखायचा

जळगावात आमच्या ओळखीच्या एका काकांना आजोबांच्या पेटीत चांदीचं रोमन नाणं मिळालं, चेहरा पार गुळगुळीत, नुसती नाकाची कड तेवढी उरलेली. काका चिंच घेऊन बसले होते, "जरा चमकू दे ना भो" म्हणत होते, मी हातच धरला. घासू नका, लिंबू-चिंच-पीतांबरी काहीच लावू नका, उरलेलं नक्षीकाम पण जातं. डिस्टिल्ड पाण्यात ठेवा आणि मऊ कापडाने टिपा, बास.

मग रात्री लाईट बंद करा, मोबाईलचा टॉर्च नाण्याच्या कडेला अगदी आडवा धरा आणि नाणं थोडं थोडं फिरवत फोटो काढा, वरून उजेड पडला की सगळं सपाट दिसतं, आडव्या उजेडात पुसट रेघेचीही सावली पडते.

आता सगळे आधी चेहरा बघतात, पण मी म्हणतो मागची बाजू बघा. भारतात सापडणाऱ्या चांदीच्या रोमन नाण्यांत दोनच प्रकार सगळ्यात जास्त. खुर्चीवर बसलेली बाई, एका हातात लांब दंड, दुसऱ्यात फांदी असेल तर बहुतेक टायबेरियस, आणि दोघं जण उभे, मधे ढाली-भाले असतील तर ऑगस्टस. काकांच्या नाण्यावर टॉर्चमध्ये आधी खुर्चीचा एक पाय दिसला, मग गुडघ्यावरच्या वस्त्राच्या चुण्या, तिथेच निम्मं काम झालं.

चेहऱ्यात दाढी शोधा. दाढी असेल तर बहुतेक हेड्रियन किंवा त्याच्या नंतरचा सम्राट, म्हणजे इ.स. ११७ किंवा त्यानंतरचं नाणं. जाड मान आणि भरलेला गाल असेल तर नीरो बघा, टक्कल आणि बाकदार नाक असेल तर व्हेस्पॅशियन.

अक्षरं वाचताना यू च्या जागी व्ही असतो हे लक्षात ठेवा, आणि 'ए व्ही जी' (ऑगस्टस या शब्दाचं छोटं रूप) दिसलं म्हणून लगेच ऑगस्टस समजू नका, ते नाव पदवी म्हणून पुढच्या सम्राटांनीही लावलं. 'टी आय' दिसलं तर टायबेरियस, पण त्याच्यापुढे 'सी एल' असेल तर क्लॉडियस.

शेवटी सराफाच्या काट्यावर वजन करा. ऑगस्टस-टायबेरियसचं नाणं मुळात ३.८ ग्रॅमच्या आसपास, नीरोने इ.स. ६४ च्या सुमारास ते ३.४ वर आणलं, म्हणून इतकं झिजूनही ३.६ च्या वर भरलं तर नीरोच्या आधीचं असायची शक्यता जास्त. काकांचं ३.६४ भरलं.

आणि नाणं शेतात नांगरताना निघालं असेल तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे कलेक्टर ऑफिसला कळवा, किती खोल होतं, सोबत मडकं-बिडकं काय होतं ते त्याच दिवशी लिहून ठेवा.