मोठ्या आतड्याचं ऑपरेशन: पोट साफ करताना या चुका टाळा

मोठ्या आतड्याचं ऑपरेशन ठरलं की बऱ्याचदा आदल्या दिवशी पावडर प्यायला देतात. बहुधा ती पॉलिइथिलीन ग्लायकॉल या जुलाबाच्या औषधाची असते. पाकीट सांगितलेल्या पाण्यात, अनेकदा दोन लिटरमध्ये, विरघळवून दर दहा-पंधरा मिनिटांनी एक ग्लास प्यायचा.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. लिटरभर पोटात गेलं, चार-पाच जुलाब झाले की घरचे म्हणतात, "झालं की साफ, आता पुरे." पण ते साफ झालेलं नसतं, मळ फक्त पातळ झालेला असतो. आणि असं अर्धवट सोडणं फार वाईट. आतडं उघडल्यावर घट्ट मळ एकवेळ जागेवर राहील, पातळ मळ मात्र पोटात सांडतो. त्यामुळे सांगितलेलं सगळं प्यायचंच. शेवटी लघवीसारखं पिवळसर, आरपार दिसणारं पाणी पडायला हवं. तरीही तपकिरी, गढूळ येत असेल तर वॉर्डात फोन करा, मनाने दुसरं पाकीट फोडू नका.

मळमळलं तर अर्धा तास थांबा, द्रावण गार करून सावकाश प्या. चवीसाठी साखर किंवा मीठ घालू नका, पाणीही कमी करू नका. त्यातले क्षार मोजून घातलेले असतात.

पावडरीसोबत अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या असतील तर "ताप तर नाही, मग कशाला?" म्हणून त्या टाळू नका. नुसत्या पावडरीने जखमेचा जंतुसंसर्ग कमी होत नाही, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. म्हणूनच अमेरिकेतल्या कोलोरेक्टल सर्जनांच्या संघटनेने 2019 मध्ये दोन्ही एकत्र देण्याची शिफारस केली. तरी काही ऑपरेशनांना पावडर देतच नाहीत. शेजाऱ्यांना दिली होती म्हणून आपणही घ्यायची, असं करू नका.

खाण्यात उपवासाचा हिशेब चालत नाही. साबुदाण्याची खिचडी, दूध, ताक हे 'निवळ पेय', म्हणजे आरपार दिसणारं पेय, नव्हे. दुधाशिवाय चहा, गाळलेलं सूप, शहाळ्याचं पाणी चालतं, पण मूत्रपिंडाचा आजार असेल तर शहाळं विचारूनच. दिवसभर नुसतं साधं पाणी ढोसू नका, रक्तातलं सोडियम घसरतं. त्याउलट ज्येष्ठांना उगाच निर्जळीही ठेवू नका. बऱ्याच रुग्णांना भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत निवळ पेय चालतं, मात्र तुमची वेळ भूलतज्ज्ञच सांगतील.

मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची यादी आठवडाभर आधीच दाखवा. काही गोळ्या बरेच दिवस आधी थांबवाव्या लागतात. त्या परस्पर बंद करणं मात्र धोक्याचं. लोहाच्या गोळ्यांचंही विचारा, त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो.

पोट फुगलंय, वायू सरत नाही, उलट्या होतायत, अशी स्थिती असेल तर पावडरीचा एक घोटही घेऊ नका. आतडं अडलेलं असू शकतं. रात्रीचे दोन वाजले असले तरी तेव्हाच फोन करा.