उघड्यावरची कोरीव पाटी: अ‍ॅनोडाइझ्ड अ‍ॅल्युमिनियम किती टिकते?

अ‍ॅनोडाइझ करणं म्हणजे विजेच्या मदतीने अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा कडक थर तयार करणं. ऑर्डर देताना या थराची जाडी लिहून घ्या. घरातल्या पाटीला ५ ते १० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) पुरतात. ऊन-पावसाला २० ते २५ हवेत, आणि थराची छिद्रं नीट सील केलेली हवीत.

खरी गडबड कोरताना होते. कटर तो थर कापून आतलं उघडं अ‍ॅल्युमिनियम बाहेर काढतो. खाऱ्या हवेत तिथेच पांढरी भुकटी धरते, खड्डे पडतात. म्हणून आधी कोरा, मग अ‍ॅनोडाइझ करा. हाच सर्वात टिकाऊ मार्ग. तयार पत्राच कोरायचा असेल तर खाचा अल्कोहोलने पुसून दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगाने भरा. बाहेर साधा इपॉक्सी नको, उन्हात तो खडूसारखा भुरभुरतो. लेझर मात्र बहुतेक वेळा फक्त थरातला रंग उडवतो, थर शाबूत राहतो.

लाल-निळे सेंद्रिय रंग उन्हात फिके पडतात. कथिलाच्या क्षारांनी विजेवर चढवलेला काळा किंवा ब्राँझ निवडा.

स्क्रू ३१६ स्टेनलेसचे (गंजाला जास्त दाद न देणारं पोलाद), खाली नायलॉन वॉशर. पितळ टाळा. मीटरभर पत्रा ५० अंशांच्या फरकाने सुमारे १.२ मिलिमीटर वाढतो, तेव्हा भोकं थोडी सैल ठेवा. ओलं सिमेंट किंवा चुना लागू देऊ नका. अल्कली थर खाते. धुवायला सौम्य साबण पुरे.