जुनी डीव्हीडी धूसर दिसते? आधी शार्पनेस उतरवा

डोळ्यांना फुल एचडीची चटक लागली की जुनी डीव्हीडी बघवत नाही. जेमतेम ७२०×५७६ ठिपक्यांचं चित्र १९२०×१०८० च्या पडद्यावर ताणलं जातं, दुसरं काय होणार! फेकण्याआधी एवढं करा:

१. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये शार्पनेस (कडा ठळक करणारी सोय) जवळपास शून्यावर आणा. माणसांच्या कडेची पांढरी रेघ लगेच जाते. मला निम्मा त्रास तिचाच होता.
२. चित्र ४:३ (जुन्या टीव्हीसारखं कमी रुंद) असेल तर तसंच राहू द्या. बाजूच्या काळ्या पट्ट्या थोड्या वेळात विसरायला होतात.
३. खुर्ची दोन-तीन फूट मागे.

मात्र काही टीव्हींवर शून्य म्हणजे मुद्दाम पुसट केलेलं चित्र असतं. तसं वाटलं तर आकडा थोडा वाढवा.