एलजीबीटीक्यू संस्थेला सरकारी ग्रँट कशी मिळवायची (महाराष्ट्रापुरतं सांगते)

आधीच क्लिअर करते म्हणजे नंतर चिडचिड नको. 'एलजीबीटीक्यू संस्थांसाठी अनुदान' अशा नावाची योजना शोधत बसलात तर पोर्टलवर रात्र जाईल आणि हाती काही लागायचं नाही. सरकारी पैसा आपल्या संस्थांपर्यंत मुख्यतः दोन दारांतून येतो, एक एचआयव्हीचं आणि दुसरं तृतीयपंथी कल्याणाचं, बस. गे मुलांचा सपोर्ट ग्रुप, पालकांच्या मीटिंगा, हेल्पलाइन, प्राइड, यांना थेट पैसा देणारं खातं नाहीये. त्यामुळे आपण करतोय त्यातलं कुठलं काम या दोन दारांत बसतं ते आधी ठरवा, अर्ज नंतर.

रजिस्ट्रेशनपासून सुरू करू. सोसायटी करायची तर 1860 च्या कायद्याखाली किमान सात माणसं लागतात आणि महाराष्ट्रात तीच सोसायटी पुन्हा 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडेही नोंदवावी लागते, म्हणून आपल्याकडे दोन सर्टिफिकिटं असतात. कलम 8 ची कंपनी पण चालते, पण जिल्ह्याच्या ऑफिसात बसलेल्या माणसाला ट्रस्टचे कागद जास्त ओळखीचे असतात, काम लवकर हलतं. संस्थेच्या घटनेतले (नियमावलीतले) उद्देश मात्र नीट लिहा. समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 च्या काळात भीतीपोटी मोघम 'समाजसेवा', 'आरोग्य जनजागृती' लिहिलेल्या घटना अजून चालू आहेत, आणि आता अर्ज छाननीत गेला की विचारतात तृतीयपंथी कल्याण तुमच्या उद्देशात कुठंय? 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते गुन्ह्यातून काढल्यानंतर घाबरायचं कारण नाही, स्पष्ट शब्द घाला: लैंगिक अल्पसंख्याक, तृतीयपंथी व्यक्ती, एचआयव्ही प्रतिबंध, निवारा, कौशल्य प्रशिक्षण.

आता एक गोष्ट जी सीए सांगत नाही. ट्रस्टींची नावं धर्मादाय ऑफिसच्या शेड्यूल वन वर, म्हणजे ट्रस्टच्या नोंदीच्या उताऱ्यावर येतात, नीती आयोगाच्या दर्पण या संस्थांच्या नोंदणी पोर्टलवर संस्थेच्या पानावर पदाधिकाऱ्यांची नावं दिसतात, म्हणजे ज्याने घरी सांगितलेलं नाही त्याला उत्साहात सेक्रेटरी करून टाकू नका, गावाकडचा एखादा चुलतभाऊ गुगल करतोच. पण उलटी अडचण पण आहे, नॅको म्हणजे केंद्राची एड्स नियंत्रण संस्था, तिच्या भाषेत सीबीओ म्हणजे समुदायानेच चालवलेली संस्था, तिथे बोर्डावर आपलीच माणसं पाहिजेत. मग जे उघडपणे वावरतात ते बोर्डावर, सोबत एखादी डॉक्टर नाहीतर वकील मैत्रीण, आणि बाकीचे कामात. आणि कोणी नोकरीसाठी बंगळूरला गेलं, कोणी भांडून सोडलं की मंडळातल्या बदलाचा चेंज रिपोर्ट धर्मादाय ऑफिसात लगेच 90 दिवसांच्या आत टाका. कागदावर जुनं मंडळ आणि सह्या नव्या लोकांच्या, यात चांगल्या संस्थांचे अर्ज बाद होतात.

बाकी कागद म्हणजे संस्थेचं पॅन, बँक खातं, इन्कम टॅक्सची 12 ए आणि 80 जी म्हणून ओळखली जाणारी नोंदणी, म्हणजे संस्थेला आणि देणगीदाराला करसवलत (2021 पासून नव्या पद्धतीने होते, आधी प्रोव्हिजनल मिळते), दर्पणचा आयडी, पीएफएमएस या सरकारी पैसे वाटपाच्या पोर्टलवर नोंदणी. सगळीकडे संस्थेचं नाव अक्षरन् अक्षर सारखं पाहिजे, एकीकडे 'फाउंडेशन' आणि दुसरीकडे 'फौंडेशन' झालं की पैसा अडकतो. बहुतेक ठिकाणी तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशोब मागतात, म्हणून काम छोटं असलं, वर्षाला चाळीस हजाराचा व्यवहार असला तरी पहिल्या वर्षापासून ऑडिट करून घ्या. एफसीआरए नोंदणी सरकारी ग्रँटला लागत नाही, ती परदेशी देणग्यांसाठी, आणि असेल तर ते खातं वेगळंच ठेवा, त्यात इथला पैसा टाकायचा नसतो.

पहिलं दार एचआयव्हीचं. राज्यासाठी एमसॅक्स, मुंबईसाठी एमडॅक्स, या एड्स नियंत्रण संस्था, दोन्ही ऑफिसं वडाळ्याला. यांच्याकडून टीआय म्हणजे टार्गेटेड इंटरव्हेन्शन, जास्त जोखमीच्या गटांत एचआयव्ही प्रतिबंधाचे प्रोजेक्ट मिळतात, एमएसएम म्हणजे पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांसाठी वेगळा आणि टीजी (ट्रान्सजेंडर)-हिजडा समुदायासाठी वेगळा. आधी जाहिरात निघते, मग अर्ज, मग जॅट म्हणजे तपासणीची टीम ऑफिस बघायला येते. ती टीम चकाचक ऑफिस बघत नाही हो, हॉटस्पॉट म्हणजे लोक जिथे भेटतात त्या जागा तुम्हाला माहितीयेत का, स्टेशनच्या मागे, बागेत, लॉजवर, ॲपवर किती लोक भेटतात, तुमचा माणूस तिथे ओळखीचा आहे का, जवळचं आयसीटीसी (एचआयव्ही तपासणी-समुपदेशन केंद्र) कुठलं, हे विचारते. त्यामुळे जाहिरातीची वाट न बघता आधीच हॉटस्पॉटचा नकाशा बनवून ठेवा आणि डापकू म्हणजे जिल्ह्याच्या एड्स नियंत्रण कक्षात जाऊन ओळख करून घ्या. आकडा मात्र फुगवू नका, कारण अर्जात लिहिलेला आकडा पुढे टार्गेट होऊन मानगुटीवर बसतो आणि मग पीअर एज्युकेटर, म्हणजे समुदायातलेच फील्डवरचे कार्यकर्ते, बिचारे खोट्या नोंदी करत बसतात. बजेट तुमच्या मनाने बनत नाही, पदं आणि मानधन नॅकोच्या गाइडलाइनने ठरलेलं असतं, आणि ते कमीच असतं, आधीच सांगते.

लाइन लिस्टमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या यादीत, लोकांची नावं, नंबर, टेस्टची माहिती असते. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने ती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, म्हणून कोणी नगरसेवक किंवा पत्रकार 'जरा यादी दाखवा' म्हणाला तर सरळ नाही म्हणायचं, आणि ती एक्सेल व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नाही म्हणजे नाही.

दुसरं दार केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाचं. फेब्रुवारी 2022 मध्ये स्माइल योजना आली, त्यात तृतीयपंथींसाठीचा भाग आहे आणि संस्थांच्या दृष्टीने मोठी गोष्ट म्हणजे गरिमा गृह, तृतीयपंथींसाठीचं निवारा घर. पहिलं स्माइलच्या आधीच, नोव्हेंबर 2020 मध्ये वडोदऱ्याला सुरू झालं, पायलटमध्ये देशभरात 12 होती, एका घरात साधारण 25 जणांची सोय, जेवण, औषधपाणी, कौशल्य प्रशिक्षण. अर्ज मंत्रालयाच्या ई-अनुदान पोर्टलवर. योजनेचा काळ 2025-26 पर्यंतचा धरलेला होता म्हणून नवीन अर्ज करण्याआधी पुढचं सर्क्युलर वाचा, जुन्या पीडीएफवर विसंबू नका. आणि जागा! तृतीयपंथींच्या घरासाठी भाड्याने जागा मिळवणं हेच अर्ध काम आहे, मालकाला सगळं सांगून, रजिस्टर्ड भाडेकरार करूनच पुढे जा, नाहीतर मंजुरी हातात आणि सोसायटीवाले दारात.

राज्याचं तृतीयपंथी कल्याण मंडळ 2020 पासून आहे, पण छोट्या संस्थेने सुरुवात जिल्ह्याच्या सामाजिक न्याय भवनात समाज कल्याण सहायक आयुक्तांकडून करावी. ओळखपत्राचं नाहीतर रेशनकार्डाचं शिबिर सोबत घ्या म्हणावं. पैसा फारसा मिळणार नाही, हॉल आणि मंडप मिळेल, पण शिबिर झाल्यावर त्यांच्या लेटरहेडवर एक पत्र मागून घ्या, पुढच्या प्रत्येक अर्जात ते कामाला येतं.

लेस्बियन, बायसेक्शुअल बायका आणि ट्रान्स पुरुषांसोबत काम करणाऱ्या ग्रुपला एचआयव्हीचं दार जवळपास बंदच, आणि हा अन्याय आहे हे मला मान्य आहे. पण घरच्यांनी कोंडलंय, जबरदस्तीने लग्न लावतायत अशा केसेस तुमच्याकडे येतात ना, तिथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण धरा. 1987 च्या कायद्याने बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. ही ग्रँट नाही, पण वकिलाची फी वाचते तीही रक्कमच आहे. हिंसाचार सोसणाऱ्या बायकांसाठीच्या सरकारी सखी वन स्टॉप सेंटरला पण आधीच भेटून ठेवा, केस आल्यावर पहिल्यांदा जाऊ नका, तिथल्या मॅडमना तोपर्यंत समजावून झालेलं असलं पाहिजे.

आणि मंजुरी आली म्हणजे पैसा आला असं नाही. हप्ते उशिरा येतात, गरिमा गृहांचे पैसे महिनोन्महिने अडकल्याच्या बातम्या पेपरात येऊन गेल्यात. भाडं आणि पगार निदान तीन-चार महिने भागेल एवढी देणगी बाजूला असल्याशिवाय घर चालवायच्या भानगडीत पडू नका, कारण तिथे राहणाऱ्या पोरांना 'हप्ता आला नाही' म्हणून बाहेर काढता येत नाही. खर्च ज्या हेडखाली मंजूर त्याच हेडखाली करायचा, औषधाचे उरले म्हणून प्रवासात टाकले असं चालत नाही, लेखी परवानगी लागते. वर्षाच्या शेवटी युटिलायझेशन सर्टिफिकेट म्हणजे पैसा ठरल्या कामाला वापरल्याचा दाखला, केंद्राच्या पैशाला जीएफआर 12-ए फॉर्म, सीएच्या सहीने. ग्रँटवर बँकेने दिलेलं व्याजही सरकारचं, परत भरायचं. कपाट, प्रिंटर, गाद्या जे काही ग्रँटमधून घ्याल त्याचं ॲसेट रजिस्टर पहिल्या दिवसापासून ठेवा, प्रोजेक्ट संपला म्हणून ते परस्पर विकता किंवा कोणाला देता येत नाही, आधी मंजुरी घ्यावी लागते.