तेवीस क्विंटल वहीत कसे लिहायचे

दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की आमच्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्याच्या, काट्याच्या खोलीत एखादा नवीन पोरगा येतो. बारावी झालेला, मोबाईलवर झपाझप हिशेब करणारा. पहिल्या दिवशी मी त्याच्या हातात काट्याची वही देतो आणि बजावतो, वजनाच्या रकान्यात नुसतं २३ लिहायचं नाही, २३.०० लिहायचं. यंदाचा पोरगा पारोळ्याकडचा. त्यानं तोंडावरच विचारलं, "मेहताजी, तेवीस ते तेवीसच शे ना? मंग हाई शून्यं कशाले?"

प्रश्न बरोबर आहे, म्हणून उत्तर नीट देतो.

२३ मध्ये ३ एककाच्या घरात आहे आणि २ दशकाच्या. एककाचं घर संपलं की त्याच्या उजव्या भिंतीवर दशांश चिन्ह असतं. पूर्ण संख्या लिहिताना आपण ते लिहीत नाही, पण त्याची जागा ठरलेली आहे. त्याच्या उजवीकडे पहिलं घर दशांशाचं, दुसरं शतांशाचं, तिसरं सहस्रांशाचं. तेवीसच्या पुढे काहीच उरलेलं नाही, म्हणजे ही सगळी घरं रिकामी. रिकाम्या घरात शून्य लिहायचं. मग २३, २३.०, २३.०० आणि २३.००० यांच्या किमतीत काडीचाही फरक नाही.

कृती एवढीच: आधी एककाचा अंक शोधा, त्याच्या लगेच उजवीकडे टिंब द्या, मग हवी तेवढी शून्यं. टिंब विसरून शून्यं दिलीत तर २३ चे २३०० होतात. टिंब एक घर डावीकडे सरकलं तर २.३ होतात. शून्य निरुपद्रवी आहे ते टिंबाच्या उजवीकडे आणि तेही सगळ्यांत शेवटी असेल तरच. मधलं शून्य मात्र पैसे खातं. माझे खाल्लेत.

मी कामाला लागलो त्या वर्षीची गोष्ट, दुसऱ्या एका जिनिंगमधली. एका ट्रॉलीचं निव्वळ वजन आलं १,८०५ किलो, म्हणजे १८ क्विंटल ५ किलो. मी वहीत १८.५ लिहिलं. पलीकडे पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या पैशांचा हिशेब, करणाऱ्यानं ते १८.५० वाचलं, आणि वाचायला तेच बरोबर होतं. ४५ किलो कापूस हवेतून पैदा झाला. भाव ७,००० रुपये क्विंटल, म्हणजे ३,१५० रुपये जास्तीचे गेले. महिन्याच्या ताळ्यात ते सापडले आणि तीन हप्त्यांत माझ्या पगारातून कापले गेले. १८.०५ लिहायचं होतं. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक वजनाला टिंबानंतर दोन घरं असतात, भरलेली असोत की रिकामी. रकान्यात २३.०० दिसलं की कळतं, लिहिणाऱ्यानं किलो पाहिले आणि ते नव्हते. नुसतं २३ दिसलं तर किलो नव्हते की लिहायचे राहिले, हे कोण सांगणार?

क्विंटल काढायची रीत काट्याच्या पावतीवरच बघा. भरलेली ट्रॉली ५,७८० किलो, रिकामी ३,४८०, निव्वळ २,३००. आता २,३०० ही पूर्ण संख्या, तिचं टिंब शेवटच्या शून्याच्या उजवीकडे आहे असं समजा. एका क्विंटलचे १०० किलो, म्हणून टिंब दोन घरं डावीकडे आणा: २३.००. शेवटची दोन शून्यं खोडू नका, ते मोजलेले किलो आहेत. उलट, आमचा काटा ५ किलोच्या टप्प्यानं वजन दाखवतो, त्यामुळे २३.००० लिहिणं खोटं. तिसरं घर १०० ग्रॅमचं आहे, तेवढं आम्ही मोजलेलंच नाही. जळगावच्या सराफाकडे सोनं १०.००० ग्रॅम लिहितात ते शोभतं, कारण त्याचा काटा मिलिग्रॅमपर्यंत बोलतो.

या शून्यांचा खरा उपयोग वजाबाकीत होतो. २३ क्विंटलमधून ४.६५ क्विंटल भिजका माल बाजूला काढला. पोरं २३ खाली ४.६५ मांडताना उजव्या कडेला अंक जुळवतात आणि ३ च्या खाली ५ येतो. कडा जुळवायच्या नाहीत, टिंबाखाली टिंब आणायचं. वर २३.००, खाली ४.६५. आता हातचा घ्यायला शून्यं आहेत, उत्तर १८.३५.

भागाकारातही तेच. चार भावांच्या सामाईक शेतातला २३ क्विंटल कापूस वाटायचा. चार पंचे वीस, उरले ३. शाळेत आपण इथे 'बाकी ३' लिहून मोकळे व्हायचो, पण तीन क्विंटल कापूस बाकी म्हणून सोडून कुठला भाऊ घरी जाईल? २३ च्या पुढे टिंब द्या, उत्तरातही द्या, पहिलं शून्य खाली घ्या. ३० मध्ये चार सात वेळा, उरले २. दुसरं शून्य घ्या, २० मध्ये पाच वेळा. प्रत्येकाला ५.७५, म्हणजे ५ क्विंटल ७५ किलो.

एक सवय मात्र मोडा. 'दहानं गुणायचं तर शेवटी शून्य द्या' हे पूर्ण संख्येपुरतं ठीक. २.५ ला दहानं गुणून २.५० लिहिलं तर काहीच गुणलं नाही. टिंब एक घर उजवीकडे न्या, २५ येतील.

आता जिथे टिंब सरळ चालत नाही त्या जागा. आमच्याकडे जमीन अजून एकर-गुंठ्यात बोलतात. दोन एकर बरोबर असतील तर २.०० लिहा, हरकत नाही. पण दोन एकर पाच गुंठे म्हणजे २.०५ नाही. एकराचे गुंठे ४०, शंभर नाहीत. पाचाला चाळीसनं भागा, ०.१२५ येतात, म्हणून २.१२५ एकर. पंप साडेपाच तास चालला तर ५.३० नाही, ५.५०. आमच्या वडिलांच्या वहीत रुपयाचे सोळा आणे असायचे, तिथे तर टिंबाला थाराच नव्हता. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नये पैसे झाले आणि १.२५ लिहिणं सोपं झालं. सातबाऱ्यावर २.००.०० असं दोन टिंबांचं क्षेत्र दिसतं, ती दशांश संख्या समजू नका. ते हेक्टर, आर आणि चौरस मीटर यांचे वेगवेगळे रकाने आहेत, टिंब फक्त दुभाजक.

कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये २३.०० टाइप केलं तरी एंटर मारल्यावर २३ उरतं. घाबरू नका. तो रकाना निवडून फॉरमॅट सेल्समध्ये नंबर घ्या आणि डेसिमल प्लेसेस २ ठेवा. हातानं लिहिताना टिंब ठळक द्या. फिकट टिंबाचं ५००.०० पुढच्या माणसाला पन्नास हजार वाटू शकतं. म्हणून रकमेत पैसे नसतील तर मी ५००/- लिहितो.

आणि मोजून घ्यायच्या वस्तूंना शून्यं लावू नका. गाठी १०० म्हणजे १००, अर्धी गाठ कोणी बांधत नाही. हे पोराला सांगायचं राहिलं होतं. आठवड्यानं त्यानं हॉटेलवाल्याला चिठ्ठी पाठवली: चहा ३.००. हॉटेलवाल्यानं तीन चहा आणि वर विचारणा धाडली, पुढचे दोन शून्य कोणाचे?